चुलबंदच्या काठची तांबडी साखर

लाखनीला महामार्ग सोडून पालांदूरच्या रस्त्याला लागा. पौष महिना असू द्या. धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या असतात, त्यांत लाखोळी हिरवी दिसते. नदी जवळ आली की मधूनच उसाचे तुकडे लागतात आणि एखाद्या वळणावर कढत्या रसाचा वास येतो. तिथे सायकल थांबवा. गुऱ्हाळ चालू आहे.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. पण चुलबंदच्या खोऱ्यात पाणी असलेला शेतकरी थोडा ऊस धरून असतो. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर फुटते, म्हणून शक्यतो त्याच दिवशी चरकात घालावा. एक टन उसाला 100 ते 120 किलो गूळ पडतो.

मी गेलो तेव्हा कढई नुकतीच चढली होती. चुलीत चिपाडाचा जाळ, वर रस. चुन्याची निवळी घातली, मग ठेचून भिजवलेल्या भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी. मळी वर आली की झाऱ्याने काढायची. इथे आळस केला तर पुढे काही उपाय नाही. फेस उतू जायला लागला तर तेलाचे चार थेंब.

पाक 105-106 अंशांवर उतरवला तर काकवी. 114 ते 118 ला ढेपेचा गूळ. आणखी थोडा, 120-122 पर्यंत नेला आणि निवताना लाकडी उलथण्याने सतत घोटला, तर त्याची भुकटी होते. तीच आपली तांबडी साखर. कढईवरच्या म्हाताऱ्याजवळ थर्मामीटर नव्हता. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघायचा, तेवढेच. मी माझा थर्मामीटर बुडवून पाहिला, तर 121!

शहरातल्या दुकानात ‘ब्राऊन शुगर’ नावाची पुडी मिळते. (वर्तमानपत्रात याच नावाने एका विषाच्या बातम्या येतात, ती गोष्ट वेगळी.) या पुडीतली बरीचशी साखर कारखान्याच्या साखरेला काळी काकवी पुन्हा चोळून केलेली असते. आपल्या भुकटीत उसाचा रस आटलेला असतो, काढून परत घातलेले काही नसते.

“रंग काळा आला तर व्यापारी हात नाही लावत जी,” घरची बाई म्हणाली. मी खाली बघितले. पंधराएक वर्षांपूर्वी याच खोऱ्यात एकाने मला विचारले होते, गूळ पिवळा करायला काय टाकू? मी हायड्रॉसचे नाव सांगितले. तेव्हा सगळे तेच टाकत. गूळ सोन्यासारखा निघाला, विकलाही गेला. पावसाळ्यात त्याने घरी ठेवलेल्या ढेपा काळवंडल्या, पाणी सुटले. त्या ढेपा त्याने मला दाखवल्या, बोलला मात्र काही नाही. गुळातल्या गंधकाला कायद्याने मर्यादा आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

म्हणून आता सांगतो. पिवळेपणासाठी काही टाकू नका. मळी नीट काढा, ऊस पक्का झाल्यावरच तोडा, को 86032 सारखी जात लावा. तरी रंग तांबूसच येईल, येऊ द्या. तसा गूळ व्यापारी घेत नसेल तर भुकटी करा, ती घरोघर खपते. चहात घाला, तांदळाच्या अनारशात घाला, संक्रांतीच्या तिळात घाला. गोडी साखरेहून थोडी कमी, म्हणून चमचा जरा भरून घ्या. पण साखरेचा आजार असणाऱ्याने गूळ चालतो असे समजू नये.

त्या बाईने भुकटी पातळ पसरून सावलीत सुकवली, चाळली. निघताना तीन किलो घेतली. तुम्ही गेलात तर घरून घट्ट झाकणाचा कोरडा डबा न्या. त्या प्लास्टिकची पिशवी देतात, तीत आषाढापर्यंत भुकटीचा गोळा होतो.