पहिलं इंजिन का गेलं?

टोचन लावून आणलेल्या गाडीचा मालक गॅरेजच्या दारातच विचारतो, "दादा, खर्च किती येईल?" त्याचं काही चुकत नाही. इंजिन उतरवायचं काम निघालं की आकडा लाखाच्या घरात जातो आणि मध्यमवर्गीय घरात तेवढे पैसे कुठल्या तरी दुसऱ्या कामासाठी बाजूला ठेवलेले असतात. तरीही मी तिथे आकडा सांगत नाही. इंजिन गेलंय हे बॉनेट उघडल्यावर पाच मिनिटांत कळतं. का गेलं हे कळायला कधी कधी दोन-दोन दिवस लागतात. आणि ते कळल्याशिवाय दुरुस्ती करायची की दुसरं इंजिन बसवायचं, हे ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

हे मत पक्कं झालं ते 2019 साली. 25 सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजपासून पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, पार दांडेकर पुलापर्यंत ओढ्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माणसं गेली, घरं वाहून गेली. गाड्यांचं दुःख त्यापुढे काहीच नाही. पण चार दिवसांनी घरातला गाळ काढून झाल्यावर लोकांना गाडी आठवली आणि पुण्याच्या दक्षिण भागातली सगळी गॅरेजं भरून गेली. त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा केली ती उघड्या इंजिनांच्या मधोमध बसून.

पाण्यानं इंजिन कसं जातं ते नीट समजून घ्यायला हवं. त्या वेळी रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारं डिझेल इंजिन म्हणजे फियाटच्या रचनेचं 1248 सीसीचं. स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच, इंडिका विस्टामध्येही तेच. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनलं. चार सिलिंडर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 312 सीसी. पिस्टन वर आला की ही सगळी हवा दाबून जेमतेम 19 सीसी जागेत बसते. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरच्या वाटेनं चहाचे चार चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं, तरी पिस्टनला वर जायला जागा उरत नाही. खालून क्रँक ढकलत असतो, वरून पाणी हटत नाही आणि मध्ये सापडतो तो कनेक्टिंग रॉड. तो वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली की माणूस घाबरून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी असताना बाकीच्यांनी पेट घेतला, की उरलेलं नुकसान तिथे होतं.

त्या पुरानंतर काही महिन्यांनी टुरिस्ट परवान्याची एक डिझायर माझ्याकडे आली. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर मोठा आवाज झाला आणि खाली ऑइल सांडलं. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. भोकातून बोट आत जात होतं. मालक स्वतःच ड्रायव्हर, गाडीवर कर्ज. तो म्हणाला, "ऑइल तर वेळेवर बदललंय दादा, तरी असं कसं झालं?" मला गाडीचा पूर्वीचा काहीच इतिहास ठाऊक नव्हता. हेड उतरवलं आणि सिलिंडरच्या आतल्या कडेकडे बॅटरी मारून पाहिलं. पिस्टनची वरची रिंग जिथवर पोहोचते, त्याच्या वर सिलिंडरला काजळीचं एक काळं वळं धरतं. तीन सिलिंडरमध्ये ते अरुंद होतं. चौथ्यात, जिथला रॉड तुटला होता, तिथे ते चांगलंच रुंद. म्हणजे तो पिस्टन बरेच दिवस बाकीच्यांपेक्षा खालीच थांबत होता. म्हणजे रॉड आधीच वाकून आखूड झालेला होता आणि तसाच हजारो किलोमीटर पळाला. मी विचारलं, "गाडी कधी पाण्यात होती का?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "पुरात दांडेकर पुलाजवळ उभी होती. एका ठिकाणी नेली, त्यांनी पाणी काढून ऑइल बदलून दिलं. चालू तर झाली होती ना!"

गाडी चालू होणं आणि गाडी बरी होणं यांत फरक आहे. इंजेक्टर काढून, क्रँक पुलीवर पाना लावून हातानं इंजिन फिरवलं असतं, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं असतं, प्रत्येक पिस्टन किती वर येतो ते डायल गेजनं पाहिलं असतं, तर एक रॉड बदलून काम भागलं असतं. अर्ध्या दिवसाची तपासणी वाचवण्यात त्या माणसाचं अख्खं इंजिन गेलं.

कारण कळलं की मग निवड सोपी होते. ब्लॉक शाबूत असेल तर मी दुरुस्तीच्या बाजूचा. बोअर झिजलेला असेल तर लेथवर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन बसवता येतात, क्रँक ग्राइंड होतो. पण ब्लॉकलाच भोक पडलं असेल तर वेल्डिंगचा नाद मी करत नाही. बिडाचं वेल्डिंग गरम-थंड होऊन पुन्हा तडकतं, आणि ते कुठल्या घाटात तडकेल ते सांगता येत नाही. मग कंपनीचं हाफ इंजिन घ्यायचं, नाहीतर मंगळवार पेठेत किंवा मुंबईला कुर्ल्यात जुनं इंजिन शोधायचं. जुन्या इंजिनाला मी नाक मुरडत नाही. अपघातात मागून ठोकलेल्या गाडीचं इंजिन उत्तम असू शकतं. मात्र पावती हवी आणि ब्लॉकवरचा नंबर घासलेला नको. इंजिन बदललं की 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. मोटार वाहन कायद्यातच तसं आहे. संगम पुलाजवळच्या कार्यालयात हेलपाटा घालायचा कंटाळा करणाऱ्याची गाडी पुढे विकताना अडकते.

खरी मेख याच्याही पुढे आहे. दुसरं इंजिन कितीही चांगलं आणा, जुन्याला मारणारी गोष्ट गाडीतच राहिली असेल तर तेही जाणार. पुरातल्या गाडीच्या इंटरकूलरमध्ये पाणी आणि गाळ साचून राहतो. तो न धुता नवं इंजिन जोडलं, तर पहिल्याच जोराच्या अ‍ॅक्सिलरेटरला ते पाणी आत ओढलं जातं. बेअरिंग खाऊन गेलेल्या इंजिनाचा चुरा ऑइल कूलरमध्ये अडकलेला असतो. कूलर धुऊन पूर्ण साफ होतो यावर माझा विश्वास नाही. तो मी बदलतोच. गरम होऊन गेलेल्या इंजिनाचा रेडिएटर आणि थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय पुढे जात नाही. ही कामं बिलात जास्तीची दिसतात, गिऱ्हाईक कुरकुरतं. अशा वेळी मी तोडलेला कूलर समोर उलटा करून दाखवतो. कागदावर चमकणारा चुरा पडला की वाद संपतो.

हे सगळं झाल्यावरची जुळणी मला आजही मनापासून आवडते. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजनं पाहणं, हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं टप्प्याटप्प्यानं आवळणं, आणि शेवटी डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर फिरवून ऑइलचं प्रेशर वर आणणं. ऑइलचा लाल दिवा विझला की मगच डिझेल सोडायचं. गॅरेजमधली पोरं घाई करतात, त्यांचे हात मी तिथेच थांबवतो.

त्या डिझायरला जुनं इंजिन मिळालं, आरसीवर नंबर चढला, गाडी पुन्हा धंद्याला लागली. पण कर्जाच्या हप्त्यात त्या खर्चाची भर पडली ती पडलीच. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पुन्हा तेच दृश्य दिसलं: गाळातली गाडी, आणि ती चालू होते का पाहायला किल्लीवर गेलेला हात.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर किल्ली फिरवू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि टोचन लावून गॅरेजला न्या. विमा असेल तर सर्वेअर पाहून जाईपर्यंत काही खोलू देऊ नका, आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट आहे का ते आजच बघा. साध्या पॉलिसीत पाण्यानं गेलेल्या इंजिनाचे पैसे सहसा मिळत नाहीत. आणि गॅरेजवाल्यानं इंजिन बदलायला सांगितलं, तर आधीचं कशामुळे गेलं ते त्याला जुना पार्ट हातात देऊन दाखवायला सांगा. ते दाखवल्याशिवाय त्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.