लेस्टरच्या हिवाळ्यातील थंड रेडिएटर

इंग्लंडच्या मध्यभागी, सोअर नदीच्या काठी वसलेले लेस्टर शहर जैन समाजाला अपरिचित नाही. तेथील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाचे जिनालयात रूपांतर झाले व १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर व दिगंबर अशा दोन्ही परंपरांना तेथे एकाच छताखाली स्थान आहे. मंदिराच्या संगमरवरी दर्शनी भागाची छायाचित्रे अनेकांनी पाहिलेली असतात. परंतु मुलाच्या वा मुलीच्या घरी हिवाळा काढण्यासाठी सांगली-कोल्हापूरकडून गेलेल्या वडीलधाऱ्यांना खरे लेस्टर भेटते ते मंदिरात नव्हे, तर लाल विटांच्या अरुंद, एकमेकांस चिकटलेल्या घरांत.

१९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना घालवून दिले, तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेने तेथील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे सुचविले होते. लोक तरीही आले आणि बेलग्रेव्ह भागातील अशाच घरांत स्थिरावले. ही घरे बांधली गेली तेव्हा खोलीखोलीत कोळशाची शेगडी असे. आज धुराडी शिल्लक आहेत, शेगड्या विझल्या आहेत; त्यांचे काम भिंतीलगतचे पत्र्याचे चपटे रेडिएटर करतात. गॅसवर चालणारा बॉयलर पाणी तापवितो, पंप ते नळ्यांतून खोलीखोलीत फिरवितो आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते.

डिसेंबरअखेर येथे चार वाजण्याच्या आतच सूर्यास्त होतो आणि सकाळी आठनंतर सूर्य उगवतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांचे ताट साडेतीनलाच आटोपते. पुढे सोळा तासांची रात्र. अशा रात्री मागच्या लहान खोलीतला एकच रेडिएटर थंड राहिला, तर बहुधा ती खोली पाहुण्या वडिलांची असते. मुलांना खर्च नको म्हणून ते दोन स्वेटर चढवितात आणि काही बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सियस असावे असे सांगितले आहे; वृद्धांच्या हृदयाला व फुप्फुसांना त्याहून थंड खोली अपायकारक ठरते. शिवाय थंड भिंतीवर बाष्प साचून काळी बुरशी धरते. मग कोणीतरी विजेचा हीटर आणतो. विजेचे युनिट तेथे गॅसच्या सुमारे चौपट महाग, आणि मूळ दोष तसाच राहतो.

वास्तविक दोष कोठे आहे, हे बहुतेक वेळा तळहातालाच कळते. प्रथम पडदा किंवा सोफा रेडिएटरवर आला नाही ना, ते पाहावे. पडद्यामागे कोंडलेल्या उष्ण हवेने तापमान पाहणारी झडप फसते आणि खोली गार असतानाच पाणी अडविते. त्यानंतर रेडिएटरवरून वरपासून खालपर्यंत जपून हात फिरवावा.

खालचा भाग गरम आणि वरचा थंड असेल, तर आत हवा धरली आहे. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. उपसा सिंचनाच्या पाइपलाइनवर उंच ठिकाणी एअर व्हॉल्व्ह बसवितात तो याचसाठी. हीटिंग बंद करावे, रेडिएटर निवू द्यावा, वरच्या कोपऱ्यातील चौकोनी स्क्रूला लहान चावी लावून ती पाव ते अर्धा फेरा डावीकडे फिरवावी आणि खाली फडके धरावे. सुस्कारा टाकल्यासारखी हवा निघते. पाणी येताच चावी आवळावी. पाणी काळपट असते, भिंतीवर उडाल्यास डाग जात नाही. नंतर बॉयलरवरील दाबाचा काटा पाहावा: थंड अवस्थेत तो साधारण १ ते १.५ बार असावा. तो वरचेवर खाली उतरत असेल, तर कोठेतरी गळती आहे.

याउलट वर गरम आणि तळाशी, विशेषतः मध्यभागी, थंड असेल, तर तेथे लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ बसला आहे. येथे चावीचा उपयोग नाही. रेडिएटर काढून धुवावा लागतो किंवा सर्व नळ्यांतून गाळ काढून पाण्यात गंजरोधक द्रव्य घालावे लागते.

इतर सर्व गरम आणि एकच रेडिएटर पूर्ण थंड, ही तक्रार ऑक्टोबरात सर्वाधिक आढळते. उन्हाळाभर बंद राहिलेल्या आकड्यांच्या झडपेतील छोटी पिन अडकून बसते. डोके सर्वांत मोठ्या आकड्यावर ठेवून खालचे कडे सोडवावे, डोके उचलावे आणि पिन नाण्याने हलकेच दाबावी. दाबून सोडताच ती वर आली पाहिजे. पकडीने ती ओढू मात्र नये. निघून आली तर कारंजेच उडेल. पिन ठीक असल्यास दुसऱ्या टोकाची, प्लॅस्टिकच्या टोपीखालची झडप पाहावी; रंगकाम करताना कोणी ती बंद केलेली असू शकते.

आणि काहीच बिघडलेले नसूनही बॉयलरपासून दूरचा रेडिएटर कोमटच राहतो, त्याचे कारण निराळे. पाणी सोपी वाट धरते, जवळच्या रेडिएटरांतूनच बहुतेक परतते. पाटाच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही, तसेच. तेव्हा जवळच्या रेडिएटरांच्या टोपीखालच्या झडपा थोड्या थोड्या आवळाव्यात, दर वेळी किती फेरा फिरविला ते लिहून ठेवावे. हे काम एका संध्याकाळचे नाही. पण खर्च पाना आणि सबुरी यांपलीकडे काही नाही.

बॉयलरचे झाकण मात्र उघडू नये. गॅसचे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या कारागिरानेच करावे, असा ब्रिटनचा कायदा आहे, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. भाड्याच्या घरात तर हीटिंग चालू स्थितीत ठेवणे ही १९८५ च्या कायद्याप्रमाणे सामान्यतः घरमालकाचीच जबाबदारी. त्याला लेखी कळवावे व प्रत जवळ ठेवावी.

उन्हाळ्यात हीटिंग बंद झाले, की प्रत्येक झडप पूर्ण उघडी ठेवावी, म्हणजे पिन अडकत नाही. भारतात परतण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनीही आपल्या खोलीतील झडप तेवढी फिरवून ठेवावी.