ओट्याची उंची

आमच्या घरात स्वयंपाकाच्या खोलीला तीन नावं आहेत. अम्मी तिला बावर्चीखाना म्हणते, भाभी किचन म्हणतात, आणि आम्ही भावंडं मराठी शाळेत शिकलो म्हणून लिहिताना स्वयंपाकघर लिहितो. नावं तीन असली तरी खोली एकच, दहा फूट बाय आठ फुटांची, आणि तिच्यातला ओटाही एकच. त्या ओट्याबद्दल थोडं सांगायचं आहे.

मालेगाव म्हटलं की लोकांना यंत्रमागाचं, नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव आठवतं. आमचं ते नव्हे. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, अकोल्याहून वाशिमला जाणाऱ्या रस्त्यावरचं. आमचा ओटा झाला 1988 साली. वाशिम जिल्हा व्हायला तेव्हा दहा वर्षं बाकी होती, गाव अकोला जिल्ह्यात होतं, आणि अम्मी जमिनीवरच्या चुलीपुढे बसून धूर गिळत भाकरी थापत होती. अब्बांनी हौसेने गवंडी बोलावला, कडप्पा आणला. उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा म्हणजे त्या काळी घराची प्रगती होती. त्यावर आधी वातीचा स्टोव्ह आला, मग गॅस.

पण गवंडी परका माणूस. तो काम करत होता तोवर अम्मी आणि दादी आतल्या खोलीत होत्या. ओट्याची उंची किती ठेवायची हे दाराशी उभं राहून ठरलं. गवंड्याने आपल्या कमरेला हात लावून दाखवला, अब्बांनी मान डोलावली. ओटा झाला 35 इंचांचा. अम्मीची उंची 4 फूट 9 इंच! तेव्हापासून ती लाकडी पाटावर उभी राहून स्वयंपाक करत आली. मोठं पातेलं चढलं की पळी फिरवताना तिचं कोपर खांद्याच्या रेषेत यायचं. उजवा खांदा दुखतो ही तिची तक्रार आम्ही लहानपणापासून ऐकली. पाट मात्र आम्हाला घरातल्या इतर वस्तूंसारखाच वाटायचा.

कुणी म्हणेल, हा पडद्याचा परिणाम. अर्धं खरं आहे. पण शेजारच्या काकूंच्या घरी पडदा नव्हता. गवंड्याला चहा त्यांनीच करून दिला, तरी ओट्याची उंची त्यांनाही कुणी विचारली नाही. त्यांचाही पाट होताच.

2024 च्या पावसाळ्यात ओट्याखालच्या फळ्यांना वाळवी लागली आणि कडप्प्याला तडा गेला. अकोल्याच्या एका दुकानात मॉड्युलर किचनचा अंदाज विचारला तर 2 लाख 40 हजार. मग आम्ही सुटी कपाटं मागवायचं ठरवलं: कापलेल्या, भोकं पाडलेल्या फळ्या, बिजागऱ्या, स्क्रू, सगळं खोक्यांत, जोडायचं आपण. सगळं मिळून 95 हजारांत बसत होतं. 2025 चा रमजान 2 मार्चला सुरू होणार होता, त्याआधी काम संपायला हवं होतं. फेब्रुवारीत टेम्पोने 23 खोकी अंगणात उतरली. अंगणात तीन विटांची चूल मांडली आणि ओटा फोडायला घेतला.

खोक्यातल्या माहितीपत्रकात एक शब्दही नव्हता, नुसती चित्रं. अम्मीला उर्दू वाचता येतं, मराठी-इंग्रजी नाही. पण हे पत्रक तिलाही आमच्याइतकंच वाचता येत होतं. उर्दूच्या सवयीने तिने ते उजवीकडून उघडलं, त्यामुळे शेवटचं चित्र, तयार कपाट, तिने सगळ्यांत आधी पाहिलं. पाहिलं आणि विचारलं, "इस में मेरी देग कहाँ बैठेगी?"

आम्ही टेप लावला. कपाटाची रुंदी 600 मिलिमीटर, दोन बाजूंच्या फळ्या 18-18 च्या, म्हणजे आत राहिली सव्वाबावीस इंच. देग 24 इंचांची. कारखान्याच्या हिशेबात देग नव्हतीच. मग ओट्याखालचा अडीच फुटांचा भाग उघडाच ठेवायचं ठरलं. त्यात देग बसली आणि सिलिंडरही. ते बरंच झालं, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साठतो. बंद कपाटात सिलिंडर ठेवायचा तर खाली जाळी ठेवावीच लागते.

परका माणूस घरात नव्हता, म्हणून अम्मी पूर्ण वेळ खोलीत होती. खुर्ची टाकून बसली आणि हुकूम सोडू लागली. दुसऱ्या दिवशी मामू आले, अम्मीचे धाकटे भाऊ. व्यवसायाने सुतार. एकेकाळी त्यांच्या हाताखाली तीन पोरं होती. गावातल्या कितीतरी लग्नांतली कपाटं त्यांनी केली. आता वर्षातले काही महिने ते पुण्याला जाऊन दुसऱ्यांच्या मॉड्युलर किचनची जोडणी करतात. खोकी पाहून ते काही बोलले नाहीत. आम्हालाही काय बोलावं ते कळेना. त्यांनी पिशवीतून गुण्या काढून भिंतीच्या कोपऱ्याला लावला आणि म्हणाले, "डब्बे को घर का नाप कैसे मालूम होगा, आपा?"

कोपरा काटकोनात नव्हता. पाण्याची नळी धरून पाहिलं तर फरशी मोरीकडे पाऊण इंच उतरत होती. जोडणी तशी सोपी: एका फळीत धातूची खिळी बसवायची, दुसरीत गोल चकती, चकती स्क्रू-ड्रायव्हरने अर्धा फेरा फिरवली की खिळीला पकडते. पण पेटी तिरकी झाली तर दार कधीच नीट लागत नाही. मामूंनी सुतळीने दोन्ही कर्ण मोजायला शिकवलं. ते सारखे आले की पेटी काटकोनात. नववीतली भाची म्हणाली, हे तर आमच्या भूमितीत आहे. वरची कपाटं आमच्या मातीच्या जुडाईच्या भिंतीत गिट्टी धरणार नाही म्हणून मामूंनी रद्द करवली. त्याऐवजी जमिनीवर उभं राहणारं एक उंच कपाट आलं. सिंकखालच्या पेटीला पाण्याला टिकणारं मरीन प्लायच हवं, यावरही ते अडून बसले. साधा भुशाचा बोर्ड पाणी पिऊन फुगतो.

मग उंचीचा प्रश्न आला. सर्वसाधारण नियम असा की ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. भाचीने दोघींना भिंतीला उभं केलं, कोपर वाकवायला लावलं. अम्मीचं कोपर 36 इंचांवर, भाभींचं 39. पाच इंच वजा केले तर एकीला 31 हवा, दुसरीला 34. पेटी 28 इंच 3 सुतांची, वरचा ग्रॅनाइट पाऊण इंचाला जरा कमी. गॅसच्या बाजूला पाये काढून खाली दोन इंचांचा सिमेंटचा कट्टा केला, तिथे 31 झाले. चिरण्याच्या आणि सिंकच्या बाजूला पाच इंची पाये ठेवले, तिथे 34. दोन उंचींचा ओटा. दुकानदाराने असा दिला नसता आणि आम्ही तरी मागितला असता का?

पुढे या विषयावर वाचताना कळलं की आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ 1926 च्या फ्रँकफर्ट किचनमध्ये सापडतं. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईने कामगारवस्तीतल्या घरांसाठी ते आखलं, बायकांच्या हालचाली घड्याळ लावून मोजून. पुढे तिनेच सांगितलं की तोवर तिने कधी स्वयंपाक केला नव्हता. आणि सुटं फर्निचर खोक्यात घालण्याची कल्पना रुजली ती 1956 च्या सुमारास, आयकियाच्या गिलिस लुंडग्रेन यांनी मोटारीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढले तेव्हापासून, असं सांगतात. लिहोत्स्कीबाईंनी निदान मोजलं तरी. आमच्याकडे मोजायलाही सदतीस वर्षं लागली.

काम नऊ दिवसांत संपलं. मामूंनी मजुरी घेतली नाही. बहिणीकडून कशी घेणार? अम्मीने ती ईदला त्यांच्या मुलीच्या हातात ईदी म्हणून ठेवली, आणि आकडा मजुरीचाच होता हे दोघांनाही ठाऊक होतं. गावातल्या सुतारांच्या पोटाचा प्रश्न त्याने सुटत नाही. खोकी येतच राहणार. पण तिरकी भिंत, उतरती फरशी खोक्यात येत नाही, तेवढ्यापुरता तरी जाणता हात लागणारच, आणि त्याचे पैसे मोजून द्यावे लागणार.

पहिल्या सहरीला अम्मी उठली, सवयीने पाय पाटासाठी चाचपला आणि मग नुसती जमिनीवर उभी राहिली. आम्ही दारातून पाहत होतो. ती काही बोलली नाही, कणीक घ्यायला वळली.

आता गल्लीत कुणाकडे ओटा व्हायचा असला की बायका अम्मीला बोलावून नेतात. परवा शेजारच्या काकूंच्या सुनेने बोलावलं होतं. अम्मी टेप घेऊन गेली, तिला भिंतीला उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं आणि पेन्सिलीने खूण केली. गवंडी बाहेर थांबला होता.