व्हेंटिलेटरच्या आधी

‘व्हेंटिलेटरवर टाकलंय’ एवढा निरोप आला की जळकोटकडच्या गावांत घरात रडारड सुरू होते आणि पाहुण्यारावळ्यांना फोन जायला लागतात. आता संपलं, पुढं नुसतं बिल वाढणार, अशी समजूत पक्की आहे. ती उगाच झालेली नाही. रान विकून दवाखाना केला आणि तरी माणूस हाती लागला नाही, अशी घरं गावोगावी आहेत. तरीही मी या समजुतीच्या विरोधात लिहितो आहे. आपल्याकडून अतिदक्षता विभागात जाणाऱ्यांत साप चावलेले आणि कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण असतात, पुष्कळदा तरणेताठे. नेमकं यांच्याच बाबतीत हे यंत्र सर्वांत जास्त कामाला येतं.

व्हेंटिलेटर कुठलाही आजार बरा करत नाही. डायलिसिसनंही तो बरा होत नाही. थकलेल्या अवयवाचं काम ही यंत्रं तेवढ्यापुरतं अंगावर घेतात, एवढंच. म्हणून खरा प्रश्न यंत्राचा नसून, तो अवयव पुन्हा कामाला लागणार आहे की नाही, हा आहे. मण्यार चावल्यावर आधी पापण्या मिटतात, मग गिळता येईना होतं, मग छाती हलायची थांबते. बाहुल्यासुद्धा उजेडाला दाद देत नाहीत. बघणाऱ्याला माणूस गेला असंच वाटतं, पण त्याला शुद्ध असू शकते, आजूबाजूचं बोलणं ऐकू येत असू शकतं. एकदा विष मज्जातंतूंच्या टोकांना भिनलं की सर्पविषाची लसही तिथं कमी पडते. काही दिवस श्वास चालू ठेवला तर टोकं पुन्हा सावरतात आणि माणूस चालत घरी जातो. घोणशीच्या विषानं लघवी बंद पडलेल्या पुष्कळ रुग्णांची मूत्रपिंडं काही आठवडे डायलिसिस दिल्यावर पुन्हा काम करू लागतात. फवारणीच्या औषधाचं आणखी वेगळं. अॅट्रोपिननं छातीतला स्राव आटोक्यात येतो, घरचे निर्धास्त होतात, आणि एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू दगा देतात. ते ओळखायला मोठी तपासणी लागत नाही. उशीवरून मान उचलायला सांगायची. एका दमात वीसपर्यंत आकडे मोजायला लावायचे. मान उचलत नसेल, आकडे दहाच्या आतच अडत असतील, तर यंत्राची वेळ जवळ आली आहे.

पण यंत्र वेळ मिळवून देतं ते आपण त्याच्यापर्यंत पोचलो तर. जळकोटहून उदगीर, तिथून लातूर नाहीतर नांदेड, आणि मेंदूला प्राणवायू नसला तर मिनिटांतच कायमचं नुकसान होतं. इथं कोपनहेगनची आठवण करून द्यावीशी वाटते. १९५२च्या पोलिओ साथीत श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांतले २७ दगावले. यंत्रं पुरेशी नव्हती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हातानं दाबायला लावली. वैद्यकीय शाखेच्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. आजचा अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाला, आणि त्याची सुरुवात माणसांच्या हातांनी झाली. तशीच पिशवी आज अँबू बॅग म्हणून मिळते. मास्क तोंडावर घट्ट धरायचा, पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, छाती वर येते का ते बघायचं. हे शिकवता येतं.

यावर म्हणतील, प्रत्येक तालुक्याला आयसीयूच द्या ना! मागणी न्याय्य आहे, पण नुसत्या यंत्राची मागणी अपुरी आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या अभ्यासात, दर श्वासाला किलोमागं १२ मिलिलिटर हवा दिलेल्यांतले जवळपास ४० टक्के दगावले, तर ६ मिलिलिटर दिलेल्यांतले ३१ टक्के. लावणाऱ्याला कळत नसेल तर यंत्रच फुप्फुसाला इजा करतं. खाटेपाशी चोवीस तास परिचारिका हवी, रक्तातले वायू तपासायची सोय हवी, दुरुस्तीला माणूस हवा. मे २०२१ मध्ये पीएम केअर्समधून मराठवाड्याला आलेल्या नादुरुस्त व्हेंटिलेटरांचा प्रश्न थेट औरंगाबाद खंडपीठापुढे गेला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधटंचाईचे आरोप झाले, ते गंभीरच आहेत. पण रुग्ण शेवटच्या अवस्थेत आले, हे रुग्णालयाचं म्हणणं खरं धरलं तर दोष आमच्या तालुक्यांतल्या पहिल्या तासाकडेही येतो. त्या तासात किती ताकद असते, हे जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं आहे. विंचूदंशात शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावायचे. प्राझोसिनची साधी गोळी वेळेवर द्यायला लागल्यावर ते प्रमाण एकाच्या आसपास आलं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. जिथं अवयव परतायची आशाच नाही तिथं यंत्र लावून ठेवणं हा रुग्णाचा छळ आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा रुग्णाचा कृत्रिम आधार काढून घ्यायला वाट दिली आणि २०२३ मध्ये ती सोपी केली. म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: काय बिघडलंय, ते परतणार आहे का, किती दिवसांत कळेल? महात्मा फुले योजनेत उपचार बसतात का, हेही तिथंच विचारा. आणि त्याच्या कितीतरी आधी, पुढच्या ग्रामसभेत, आपल्या आरोग्य केंद्रात सर्पविषाची लस, अॅट्रोपिन, भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि अँबू बॅग आहे का, आणि ती दाबायला रात्रपाळीला कोण असतं, ते नावानिशी विचारा. १०८ ची सेवा २०१४ मध्ये राज्यभरात ९३७ गाड्यांनी सुरू झाली, त्यांतल्या प्रगत जीवरक्षक २३३ होत्या. गाडी येईपर्यंतचा श्वास आपल्याच माणसांना चालवावा लागणार आहे.