बटन दिसतं, पण सापडत नाही!

एसटीत चढताना आपण आधी पाटी वाचतो. गाडी कुठे जाणार ते पाटी सांगते. आणि कंडक्टरने डबल बेल मारली की गाडी सुटते. वेबसाइटवरही तसंच. लिंक म्हणजे पाटी, ती दुसऱ्या पानावर नेते. बटन म्हणजे बेल, ते काहीतरी काम करतं. (कॉन्व्हेंटवाल्या मुलीची उपमा आहे, सांभाळून घ्या!)

आता समजा, सगळ्या गाड्यांवर एकच पाटी लावली, 'येथे चढा', तर चालेल? वेबवर मात्र 'येथे क्लिक करा' सर्रास चालतं. माझ्या आतेबहिणीला, म्हणजे ताईला, ते चालत नाही. ती दृष्टिहीन आहे. २००६ साली मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर तिला पडदा वाचून दाखवतो. 'के' दाबलं की पुढची लिंक, 'बी' दाबलं की पुढचं बटन.

मध्यंतरी एका परीक्षेचा फॉर्म भरताना तिने लिंकांची यादी उघडली, तर 'येथे क्लिक करा' नऊ वेळा! तरी चिकाटीने तिने सगळा फॉर्म स्वतः भरला. शेवटी 'सबमिट' काही सापडेना. मला तर ते समोर ठळक दिसत होतं! सोर्स उघडून पाहिला. ते बटन नव्हतंच, रंगवलेला डिव्ह होता. टॅब तिथे थांबतच नव्हता. अखेर माउसने मी क्लिक केलं. ताई एवढंच म्हणाली, "दोन तास मी बसले, आणि शेवटचा क्लिक तुझा!"

तेव्हापासून राहून राहून वाटतं, उपाय किती सोपा होता! काम करायचं तर 'बटन' टॅग, दुसरीकडे न्यायचं तर 'ए' टॅग. खऱ्या बटनाला टॅब, एंटर आणि स्पेस ब्राउझर आपणहून देतो. बटनावर नुसतं चित्र असेल तर त्याला नाव द्या. 'येथे क्लिक करा'ऐवजी 'हॉल तिकीट डाउनलोड करा' लिहा. फोकसची चौकट 'लूक बिघडतो' म्हणून काढू नका. माउस न वापरणाऱ्याला आपण कुठे आहोत ते तिच्यामुळेच कळतं. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ प्रमाणे बटन निदान २४ बाय २४ पिक्सेलचं हवं, नाहीतर भोवती पुरेशी मोकळी जागा तरी हवी. थरथरत्या बोटांनाही ते जमायला नको का?

मिनी प्रोजेक्टच्या डेमोआधी एकदा माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर आपली साइट चालवून बघा. जिथे तुम्ही अडाल, तिथे कुणीतरी रोज अडणार आहे.