सोमवारी घारापुरी, आणि मोऱ्याचा गाळ

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुद्दाम सोमवार धरला. मेहुण्याची होडी आहे, इंजिन आहेच, पण त्याला शिडाचं वेड. सकाळी मोऱ्याहून भरतीवर निघालो तेव्हा मतलई वारा छान लागला होता. इंजिन बंद, शीड वर. आम्ही दोघं, दोन मुलं, मेहुणा आणि सासूबाई. सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जणांचा जीव गेला, तेव्हापासून आमच्या घरात या बाबतीत चर्चा होत नाही.

बेटावर तीन गावं. शेतबंदर पर्यटकांचं, तिथे लाँच लागतात, माकडं, दुकानं, टोपीवाले. दक्षिणेला राजबंदर. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा नाव दिलं तो त्याच बाजूला होता, आता भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. (बेटाला नाव देऊन हत्तीच मुंबईला गेला.) आम्ही थांबलो ईशान्येला, मोराबंदरला.

मेहुण्याने नांगर जरा बाहेरच टाकला, ओहोटीला होडी चिखलात बसू नये म्हणून. गावातल्या एका दादांनी त्यांच्या लहान होडीतून काठावर नेलं. दुपारी पश्चिमेचा वारा उठला, पण डोंगर पाठीशी असल्यामुळे इथलं पाणी जेमतेम हलत होतं. कांदळवन, बगळे, आणि समोर अटल सेतू. पुलावरून गाड्या धावताना दिसत होत्या, आवाज मात्र एकीचाही नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, इथे कोणी हॉर्न का वाजवत नाही?” वाजवणार कोण? बेटावर गाडीच नाही.

एका आजींच्या ओटीवर आम्ही आणलेल्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी सोडली. आजींनी पाणी दिलं, वर लोणचं. विजेचा विषय निघाला. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून २०१८ साली इथे कायमची वीज आली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, मग अंधार. आजी म्हणाल्या, “लाईट आली, चांगलं झालं. पण रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं तर आम्ही आजही आधी भरती कधी ते बघतो.”

हे वाक्य ऐकून मी जेवायचा थांबलो. कारण आमचाही परतीचा वेळ भरतीच ठरवत होती. दोन तासांत निघायचं ठरलं होतं, पण ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याला गाळामुळे होडी लागत नाही. पाणी चढेपर्यंत चार वाजत आले. आम्हाला काय, पोरं काठावर खेकडे शोधत बसली, सासूबाईंनी झोप काढली. पण त्याच जागी कळा सुरू झालेली बाई असती तर?

१२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी आपल्याला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू मिळाला आणि उरणपर्यंत लोकल. द्रोणागिरीला स्टेशन झालं. मी स्वतः त्या लोकलने फिरतो, तक्रार नाही. पण पूल झाला म्हणजे बंदराचं काम संपलं, असं जे ऑफिसांतून ऐकू येतं ते चूक आहे. घारापुरीला पूल नाही. त्यांचा रस्ता म्हणजे मोऱ्याचं पाणी, आणि त्या रस्त्यावर दिवसातून दोनदा चिखल येतो. गाळ काढला की पुन्हा साचतो, हे खरं. रस्त्याला खड्डेही पुन्हा पडतात, म्हणून डांबर टाकायचं कोणी सोडलं का? दरवर्षी पावसाळा संपला की गाळ काढायचा, त्याची तारीख धक्क्यावर फलक लावून जाहीर करायची. एवढीच मागणी घेऊन मी या महिन्यात अर्ज देणार आहे.

भाऊच्या धक्क्याच्या लाँचने जाणारे आपल्यात बरेच आहेत. ओहोटीमुळे मोऱ्याला खोळंबलात तर तारीख, वेळ आणि किती वेळ थांबलात ते मला कळवा. अर्जाला यादी जोडायची आहे.