आठ इंचांचा सबवूफर

आमच्या वन बीएचकेत सबवूफरला जागा म्हणजे सोफा आणि कपाटामधली दीड फूट. २० हर्ट्‌झची ध्वनिलहर १७ मीटर लांब! हॉफमनचा नियम रोखठोक आहे: छोटा डबा, खोल बेस, कमी वॉटमध्ये मोठा आवाज, यातलं कुठलंही दोनच मिळतं. मी वॉट मोजले. बंद डबा, ३०० वॉट. पोर्टवाला जास्त घुमतो, पण डबा मोठा लागतो.

बाबांची तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये गेली. त्या गोंगाटात आधी ४००० हर्ट्‌झच्या आसपासचं ऐकू येणं जातं. संवादातले स, फ त्यांना लागत नाहीत. खालचं शाबूत आहे. म्हणून सबवूफर सोफ्याला चिकटून. जवळ असला की आवाज कमी ठेवता येतो. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्यामुळे बुडाशी जाड रबर.

पडद्यावर ट्रेन आली की बाबा सबटायटल सोडून सोफ्यावर तळहात टेकवतात.